बाबांनी सांगितलेला कौल

१४ मे
फॉर्म भरायचा की नाही, हा वाद आज मिटला. देवीने मिटवला. जानेवारीत सीए फाउंडेशन बुडाली. अकाउंट्स, लॉ निघाले, मॅथ्सने खाल्लं. तेव्हापासून आईचं एकच टुमणं, कट्टा गावातून मालवणला कॉलेजात जा, बी.कॉम. कर, गप घरी ये. बाबा मध्ये. आणि बाबा मध्ये पडले की शेवटी कौल. विहीर खणायची, कौल. पंपदुरुस्तीचं दुकान घालायचं, कौल. आता माझी परीक्षा. देवीच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या लावायच्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नको. म्हटलं, बाबा, प्रॉबेबिलिटी अर्धी-अर्धी. हसले नाहीत.

दुपारी देवळातून आले, पाय धुतले, पडवीतूनच म्हणाले, "उजवो मिळालो. भर फॉर्म."

देवीपुढे आई तरी काय बोलणार. मी आतल्या खोलीत जाऊन नाचून घेतलं.

३ जून
घरात नेटवर्क नाही म्हणून आता अभ्यास दुकानात. बाबांनी कोपऱ्यातल्या दोन जळक्या मोटरी हलवून टेबल टाकून दिलं. पुस्तकांना वार्निशचा वास लागलाय. गिऱ्हाईक आलं की बाबा ओठावर बोट ठेवतात. लोक पंप बिघडल्याची तक्रारसुद्धा कुजबुजत करतात.

मी लॉ पाठ करत होते तर बाबांनी विचारलं, कसला करार वाचतेयस. म्हटलं, प्रस्ताव, स्वीकृती, मोबदला. म्हणाले, मग एवढं जाड पुस्तक कशाला.

२६ जून
मॉक टेस्ट. मॅथ्स निघालं!! बाबांनी खाजं आणलं, निम्मं स्वतःच खाल्लं. आईसुद्धा हसली.
बाबा हल्ली रोज संध्याकाळी देवळात. आधी मंगळवारीच जायचे. मी चिडवलं, मॅथ्स देवीने सोडवलं म्हणून का? म्हणाले, तू तुझं बघ.

११ जुलै
बाबा गेले.

२४ जुलै
तेरावं काल झालं. आज घरात आम्ही दोघीच.
मी तिथेच होते. टेबलावर. बाबा स्टुलावर बसले, पाणी मागितलं. मी म्हटलं, एवढं गणित संपवून देते. लगेच उठले म्हणा. पण आधी तसं म्हटलं. डॉक्टर म्हणाले, पाण्याने काही झालं नसतं, मोठा ॲटॅक होता. ठीक आहे.
पुस्तकं अजून दुकानात. शटर उघडायला हात धजत नाही.

२ ऑगस्ट
देवळात कौल लावणारे गुरवकाका आले होते समाचाराला. आईने विचारलं, आमच्या हातून देवीचं काय चुकलं? ते खूप वेळ नाही म्हणत राहिले, विषय बदलला, चहा नको म्हणाले. आई पायाशी बसली. मग बोलले.
कौल डावा होता. मे महिन्यातला. माझा.
काका गेले. आई स्वयंपाकघरात गेली. मी मागे गेले तर पाठ न वळवता म्हणाली, "तेनी देवीचा ऐकूक नाय. तुझ्यासाठी."
त्यानंतर माझ्याशी बोललेली नाही.

७ ऑगस्ट
आई जेवण वाढते. पान पुढे सरकवते. शेजारणीशी बोलते, म्हशीशी बोलते. माझ्याशी नाही.
रात्री वाटतं ओरडावं, माझाही बाप गेलाय. नाही ओरडले.

१० ऑगस्ट
राहवलं नाही, देवळात गेले. गुरवकाका अंगण झाडत होते. म्हटलं, मला सगळं सांगा. म्हणाले, दोनदा लावला, दोनदा डावा. मग घरी मला काय सांगणार ते बाबा हात जोडून देवीला बोलले, तेही सांगितलं.

"आवशी, तुझा खरा. पण चेडवाक मी उजवो मिळालो असा सांगतलंय. तेवढा सांभाळून घे."

रोज संध्याकाळी तेच मागत होते म्हणे. सांभाळून घे.
मी कौल मानत नाही. मानत नसणाऱ्या माणसाने खोटं सांगितलं असतं तर काय मोठंसं. पण ते मानत होते. जन्मात एकदा देवीच्या विरुद्ध गेले, ते मला मॅथ्सचा पेपर द्यायचा होता म्हणून. तिथल्या पायरीवर बसून रडले. तेराव्यालाही कोणासमोर रडले नव्हते.

११ ऑगस्ट
शटर उघडलं. वार्निशचा वास तसाच. टेबलावर ते गणित अर्धं.
पूर्ण केलं. उत्तर चुकलं.

२९ ऑगस्ट
मामा म्हणतात, या खेपेला राहू दे, आईकडे बघ. बघतेच आहे. ती माझ्याकडे बघत नाही.
हॉल तिकीट आलं. कोल्हापूर. आईच्या समोर ठेवलं. तिने उचलून फ्रिजवर ठेवलं, वर डबा ठेवला, उडू नये म्हणून. याचा अर्थ काय लावायचा?
लॉ रिव्हिजन एक झाली. इको बाकी.

१२ सप्टेंबर
एसटीत बसून लिहितेय, अक्षर हलतंय. उद्यापासून पेपर. मामा कसालपर्यंत सोडायला आले होते.

सकाळी निघताना वाटलं होतं, आई गोठ्यातून बाहेर येणार नाही. आली. हात पदराला पुसत माझ्यासमोर उभी राहिली. महिन्याहून जास्त दिवसांनी तोंड उघडलं.

"पास हो असा माझ्या तोंडातसून येणा नाय गो. नापास हो असा मी कधी म्हणूचंय नाय. भाकरी बांधलंय, ती खा."

मी वाकले तर पाय मागे घेतले नाहीत. डोक्यावर हातही ठेवला नाही.

घाट सुरू झाला. भाकरी मांडीवर आहे, गरम आहे अजून, गाठ सोडलेली नाही. पास झाले तर आई म्हणेल, यासाठी गेले ते. नापास झाले तर म्हणेल, देवी खरं सांगत होती, उगाच गेले. दोन्हीकडे बाबा जातातच.

मला नुसती एक परीक्षा द्यायची होती.