दिवा रोज मीच लावतेय

मंगळवार, दिवेलागणीनंतर

आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, माझ्यासाठी मुगाचे लाडू केलेत. भूक लागली होती, पण डबा उघडायचा धीर होत नव्हता.

आमच्याकडं पाळीच्या दिवसांत देवापुढचा दिवा आत्या लावतात, एरवी मी. गेले दोन महिने खंड न पडता मीच लावतेय. त्यावरून त्यांनी गोड बातमी ताडली आणि कुणाला न सांगता मूग भाजायला घेतले. आता त्यांना कसं सांगायचं, हेच कळत नव्हतं.

टेस्ट तर निगेटिव्ह आली. आज शिरूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एवढं पळता आणि खाता चिमणीएवढं. त्यानंही पाळी थांबू शकते. बाकी तपासण्या करूच, पण मूल हवंय तर पळणं थोडं कमी करा, पोटभर जेवा." पळणं बंद करा, असं नाही म्हणाल्या! कॅनॉलवर पळायची पहाट सुटली असती तर मी घरभर चिडचिड केली असती.

मघाशी दिवा लावला आणि आत्यांना सगळं सांगून टाकलं. त्या वात सारखी करत राहिल्या. मला वाटलं, आता पळण्याला नावं ठेवणार.

"म्हंजी तू रोज उपाशी पळत हुतीस व्हय?"

"चहा घेते की."

"चहा!" एवढंच म्हणून उठल्या.

आत्ता बाहेर जाऊन बघितलं, तर लाडवांचा डबा माझ्या पळायच्या बुटांशेजारी ठेवलाय.