मासवणच्या मुठी

बोईसर, १२ फेब्रुवारी १९६७

प्रिय रत्ना,

तुझं पत्र वाचून आधी राग आला, मग हसू आलं, आणि आता हातातलं काम टाकून उत्तर लिहायला बसले आहे. पंधरा वर्षांपूर्वीची मासवणच्या बालवाडीतली आपली चार वर्षं पाण्यात गेली, असं तू म्हणतेस. एकही पोर चौथीच्या पुढे गेलं नाही, तेव्हा बोईसरला येऊन मजुरांच्या मुलांसाठी पुन्हा तोच खटाटोप नको, पुण्याचा शिवणवर्गच बरा. बरं बाई, नकार पोचला. पण इथल्या बांधकामाच्या साहेबांना तो मी अजून कळवलेला नाही. मधे एक गंमत झाली आहे आणि ती ऐकल्याशिवाय तुला नाही म्हणू देणार नाही.

मासवणला गूळ-शेंगदाणे वाटायची वेळ आठवते ना? पोरं घरून नुसती आंबील पिऊन यायची, धाकट्यांच्या हातातलं थोरली ओढून न्यायची आणि अंगणभर रडारड व्हायची. तेव्हा तू तो खेळ काढलास. खाऊ मिळाला की मूठ मिटायची, गुडघ्यावर ठेवायची आणि तिला झोपवायचं. शेवटच्या पोराला खाऊ मिळाला की तू हळूच म्हणायचीस, मूठ उठली! मग सगळ्यांनी एकदम खायचं. जिव्या बिचारा तेवढ्या वेळात मुठीचा वासच घेत बसायचा. आणि ठकी आपल्या मोकळ्या हाताने त्याची मूठ घट्ट धरून ठेवायची, उघडेल म्हणून. काय गोड दिसायची ती दोघं!

आता गंमत ऐक. आमचे हे वीजकेंद्राच्या वसाहतीच्या बांधकामावर देखरेखीला आहेत, हे तुला ठाऊकच आहे. गेल्या आठवड्यात पहिल्या चाळीचा स्लॅब टाकून झाला म्हणून साहेबांनी मजुरांना पेढे आणले. वाटायचं काम नांदेडकडून नव्याने आलेल्या भगवंत मुकादमाकडे होतं. त्याने पेढे वाटले आणि बघतो तर काय, सगळी टोळी गुडघ्यांवर मुठी आवळून गप्प बसलेली. कुणी पेढा तोंडाला लावीना! भगवंताची पाचावर धारण बसली. साहेबांच्या खोलीकडे धावत सुटला, साहेब, संप झाला, मुठी वळून बसलेत, पेढेसुद्धा खाईनात! साहेब तसेच अनवाणी धावले, त्यांच्यामागे आमचे हे, आणि ह्यांच्यामागे मी. असला तमाशा मी सोडते होय?

साहेबांनी घाम पुसत विचारलं, तुमची मागणी काय आहे? टोळी एकमेकांची तोंडं बघू लागली. मग एक उंच बाई उठली. म्हणाली, “मागनी कसली, सायेब? आमचा सुका पानी आनाला गेलाय. त्याला पेढा भेटला नाय. त्याला भेटला का आमी खाऊ.” रत्ना, मी पुढे होऊन तिला नाव विचारलं. ती आपली ठकी होती! तेवढ्यात सुका हंडा घेऊन आला, त्याच्या हातावर पेढा पडला, ठकी म्हणाली, “उठली!” आणि सगळ्या मुठी उघडल्या. पेढ्यांचा पार लगदा झालेला. लोक तळहात चाटताहेत आणि साहेब वाळूच्या ढिगावर बसून पोट धरून हसताहेत. मी हसता हसता रडले, हे तुला म्हणून सांगते.

त्या टोळीत मासवणची आपली पाच-सहाच पोरं आहेत. बाकीची कुठकुठली, काही तर थेट मराठवाड्यातली. नवा माणूस आला की आधी हसतो, चार दिवसांनी स्वतःच मूठ मिटून बसतो, असं ठकी सांगत होती. एखादीला ताप आला तर तिच्या वाटच्या पाट्या बाकीच्या बायका उचलतात. पाण्यावरून बाकीच्या टोळ्यांची डोकी फुटतात, पण ह्यांच्यात कधी शब्दाने शब्द वाढला नाही, असं आमचे हे म्हणतात. आणि तुला माहीत आहे, कुणाचं कौतुक करताना ह्यांची जीभ किती जड होते ते! अक्षरं आठवतात का, असं मी ठकीला विचारलं. ती लाजून म्हणाली, “अक्षर एक नाय येत, बाय. मूठ येते.” चौथीचा निकाल घेऊन बसलेल्या माझ्या बाई, हे कोणत्या इयत्तेत घालायचं ते तूच सांग.

आता हे पत्र कशासाठी, ते ऐक. काल साहेबांनी बालवाडीला एक खोली दिली आणि चालवणार कोण, असं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत ठकी म्हणाली, “मी चालवीन. पन आदी रत्नाबायनी मला शिकवाला पायजे.” तेव्हा मी तुला पोरांसाठी बोलावतच नाही, तुझ्या जागी बसू पाहणाऱ्या बाईसाठी बोलावते आहे. दोन महिने ये, शिवणवर्ग कुठे पळून जात नाही. बोईसर स्टेशनवर ठकीच येणार आहे. तू तिला ओळखणार नाहीस, पण ती तुला ओळखेल. तिला एकच धाकधूक आहे. दुसरीतच शाळा सोडली म्हणून रत्नाबाय रागावतील का, असं कालपासून तीनदा विचारून झालं. मी काही उत्तर दिलेलं नाही. ते तू फलाटावर उतरून दे.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
नर्मदा