आतूनही फुलं असलेला टोप

पाटणजवळ, दसरा झाल्यावर, सन १९४४

तीर्थरूप नाथाजीमामांस आकारामचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (डोकंही टेकवलं असतं, पण ते सध्या लोखंडात आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा माझ्यावरचा राग उतरला असल्यास कळवावे, नसल्यास कळवू नये.

वाईहून निघालो तो फलटणला, उसाच्या कामावर. पण पाटणच्या गाडीत खिडकीची जागा रिकामी दिसली, म्हणून इकडं आलो. इथं इनामदारीण बनुबाईंकडं खंडेनवमीसाठी हत्यारं घासायचं काम मिळालं, जोडीला हुसेन शिकलगार. तलवारी झाल्या, कट्यारी झाल्या, आणि शेवटी एक शिरटोप निघाला. मामा, काय टोप! सोन्याच्या तारेची वेलबुट्टी, वर तुऱ्याची नळी, नाकासमोर सरकती पट्टी, मानेवर बारीक कड्यांची झालर. मी म्हटलं, डोकं वाचवायला साधी कढई पुरे, एवढी फुलं कशाला? हुसेन म्हणाला, "गड्या, मारणाऱ्याची नजर घटकाभर फुलात गुतावी म्हणून." मग त्यानं टोप उलटा केला. आतूनही तसलीच फुलं. "आन् ही रं कुणी बघायची?" मी विचारलं. तो उठून हात धुऊन आला.

मग मी तो घातला. (तुम्हीही घातला असता. जत्रेतली कागदी पगडी तुम्ही झोपेतसुद्धा काढली नव्हती.) पट्टीचा पेच अडकला आणि टोप निघेना. तेवढ्यात भटजी आले, आणि मला टोपासकट तलवारींच्या ओळीत पाटावर बसवलं. हळदकुंकू झालं, झेंडूची माळ झाली. पूजेला मांडलेलं हत्यार शिलंगणापर्यंत हलवायचं नाही, म्हणून मलाही कुणी हलवेना. नैवेद्य दाखवला, दिला नाही.

मग बनुबाई समोर येऊन बसल्या. त्यांचा मुलगा हंबीरराव फौजेत होता, ब्रह्मदेशात बेपत्ता झाल्याची तार आलीय. दर दसऱ्याला हाच टोप घालून तो शिलंगणाला जायचा म्हणे. पट्टीआडचे माझे डोळे बघून बाई म्हणाल्या, "हंबीरा, आलास व्हय रं?" मी नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि निघालं, "आलो, आई. तांबडी व्याली का?"

मामा, तांबडी कोण, मला ठाऊक नव्हतं! गोठ्यात आहे. व्यालीय.

दसरा उलटला. हुसेन म्हणतो पट्टी कापतो, बाई म्हणतात, "आत्ता कुठं आलाय, पुन्ना घालवू व्हय?" आणि मला शिरा भरवतात. शिरा लय चांगला असतो, तक्रार ती नाही. पण टोपात ओल्या चिखलाचा वास येतो, आणि मी श्वास सोडला की तो कुणीतरी घेतं.

बाकी सर्व ठीक.

आपला भाचा,
आकाराम

ता. क. — पत्राची घडी घालताना पेच आपोआप फिरला आणि टोप सहज निघाला. तेव्हा काळजी नसावी. आरशात बघितलं, तोंड माझंच आहे.

दुसरं ता. क. — आत्ता बाहेरून बाईंनी 'हंबीरा' म्हणून हाक मारली आणि उघड्या डोक्यानं मी ओ दिली. मामा, तुम्ही लगेच निघा. दारात उभं राहून 'आकाराम' म्हणून हाक मारा, आणि ओ कुठून येते ते नीट बघा. माझ्या तोंडातून आली तर मला घरी न्या. टोपातून आली, तर टोप न्या.