माझी सवत, तुझा उजवा हात

ट्रॉय, सप्टेंबर १८८५

प्रिय बार्टली,

रविवारी चर्चमधून परत आले तर गस क्रेमर आपल्या जिन्यात बसलेला. नाक पुन्हा मोडून घेतलंय त्याने, आणि बेसबॉलच्या मैदानात तुझे चेंडू उघड्या हातांनी झेलून झेलून बोटं तर आल्याच्या गड्ड्यासारखी वेडीवाकडी. त्याला आत घेतलं आणि विचारलं, "तो कुठाय?" म्हणतो कसा, "वहिनी, आधी चार बटाटे तरी वाढ." म्हटलं, "आधी बोल, मगच पातेल्यावरचं झाकण निघेल." मग बोलला. तुझा उजवा हात खेळण्यातून गेला, चेंडूच टाकवत नाही. लुइव्हिलच्या मालकाने जुलैतच तुला संघातून काढलं, आणि तू अजून तिथेच, कुणा मिसेस टॉलिव्हरच्या घरी भाड्याने राहतोयस. ती रोज संध्याकाळी तुझा दंड चोळून देते म्हणे. हे शेवटचं त्याच्या तोंडून निसटलं. निसटलं असं आपलं मी म्हणते, पण गसला मी पुरती ओळखते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेलेली बघूनच त्याने शांतपणे बटाटे खाल्ले.

तिचं नंतर बघू. जळण्याची मला सवय आहे. लग्न झाल्यापासून मी जिच्यावर जळत आले ती बाई तुझ्या उजव्या खांद्याला लटकलेली आहे. आठवतं ना, फादर म्हणाले, "बार्टली, उजवा हात दे तिच्या हातात," आणि तू डावा पुढे केलास? "उजवा रे बाबा, उजवा!" तर तू म्हणालास, "फादर, उद्या मॅच आहे." सगळं चर्च हसलं. मीही हसले. नवी नवरी, हसणार नाही तर काय करणार! पण तेव्हाच कळायला हवं होतं की मी दुसरेपणावर आलेय.

मग काय, घरात दोघींचा संसार. तिला घोड्यांच्या मालिशचं तेल, तिला लाल फ्लॅनेल, तिला खिडकीपासून दूरची, उबेची बाजू. तुझी आई सकाळी उठल्यावर विचारायची, "बाईसाहेबांना झोप लागली का नीट?" मी कशी झोपले ते त्या घरात कुणी विचारलं नाही. कोळशाची बादली मी आणायची. "तूच आण गं होनोरा, त्याचा हात जपायला हवा. तुझं काय, इस्त्री तर फिरवायची असते." इस्त्री तर फिरवायची असते! भट्टीवरून काढलेली लोखंडी इस्त्री, लाँड्रीत दिवसभर, लोकांच्या कॉलरी काचेसारख्या चकचकीत होईपर्यंत. डेलिया झाली तेव्हा पोरीलाही तू डाव्याच हातावर घेतलंस. चालायला लागली तेव्हापासून तिला ठाऊक, बाबाच्या त्या बाजूला बसायचं नाही.

आणि तरी खोटं कशाला बोलू, ती देखणी होती. शेगड्यांच्या कारखान्यातून सुटलास की तू कालव्याकाठच्या मोकळ्या जागेत खेळायचास, तेव्हाच मी तिला पाहिलं. हात कमरेखालून यायचा, संथ, जणू काही देतोयस कुणाला. चेंडू कसा हवा ते मागायचा हक्क फलंदाजाचा; तो ओरडायचा "उंच!" की चेंडू उंच, "खाली!" म्हटलं की खाली, आणि तरी त्याची बॅट हवेतच. गावच्या संघाने तुला घेतलं तेव्हा तुझ्यापेक्षा मी जास्त मिरवले. पण मग लोक रस्त्यात थांबवून विचारायला लागले, "हात लावू का एकदा?" आणि तू लावू द्यायचास! लाँड्रीतल्या पोरीसुद्धा. दंड दाबायच्या, खिदळायच्या, आणि मी शेजारी भाजीची टोपली घेऊन उभी. माझा हात कधी कुणी दाबून बघितला?

गावचा संघ मोडला आणि तू लुइव्हिलला गेलास. मग नियम बदलला, खांद्यावरून चेंडू फेकायला परवानगी मिळाली. गस सांगत होता, त्याने तुला विनवलं, "बार्टली, तू खालूनच टाक, तुझा हात त्यासाठीच घडलाय." पण पोरं वरून सणसणीत फेकायला लागल्यावर तुला कुठला दम निघतोय! त्यात तुमचा चेंडू टाकणारा दुसरा पिचर दारू पिऊन पळाला आणि रोजची मॅच तुझ्याच गळ्यात पडली. तेव्हा इथे बसून मला वाटलं होतं, आता तरी थकेल ती सटवी. खरंच वाटलं होतं, आणि त्याची मला अजूनही लाज वाटत नाही.

म्हणून गसने सांगितलं तेव्हा मी खूश व्हायला हवं होतं. सवत मेली, रान मोकळं. पण तू तर तिचं सुतक परक्या बाईच्या घरी पाळत बसलायस! मी गसला म्हटलं, "घरी का येत नाही तो?" तो खाली बघत म्हणाला, "तो म्हणतो, हाताशिवाय होनोराला माझा काय उपयोग." अरे मूर्ख माणसा, हात होता तेव्हा मला तुझा काय उपयोग होता? हात त्या संघाचा होता, मालकाचा होता, त्या खिदळणाऱ्या पोरींचा होता. माझ्या वाट्याला उरलेला तू आलास, आणि मला तोच हवा होता. तोसुद्धा आता मिसेस टॉलिव्हरने ठेवून घ्यायचा?

अक्षर बघून हे कुणी लिहिलं असा प्रश्न तुला पहिल्याच ओळीला पडला असेल. मीच लिहिलंय, डाव्या हाताने, आठवडाभर थोडं थोडं करून. ऑगस्टपासून माझा उजवा खांदा वर होत नाही. लाँड्रीत आता मला खोक्यात कॉलरी भरायला बसवलंय. डेलिया माझी वेणी घालते, वाकडी घालते. मी गसलाही सांगितलं नाही, कारण तो तुला सांगेल आणि तू दयेने येशील, आणि ती दया मला त्या बाईच्या तेलापेक्षा जास्त झोंबेल. तर नीट ऐक. मी पिचरला बोलवत नाहीये. इतकी वर्षं तू चोळून घेतलंस, तेव्हा दुखरा दंड कसा धरायचा, अंगठा कुठे दाबायचा हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. जे त्या सवतीला, तुझ्या हाताला मिळालं ते सगळं मला हवंय, तुझ्याकडूनच हवंय, आणि त्यातलं तसूभरही मी सोडणार नाही. ये लवकर. मला कूस बदलता येत नाही रे, आणि हाक मारावी तर शेजारी कुणी नाही.

तुझीच, आणि आता एकटीच,
होनोरा