रेघेच्या जरा मागे

प्रिय उशिरानंदा,

पत्र बघून म्हणशील, याला फोन करायला काय धाड भरली होती? फोन केला की रे, चांगला चार-पाच वेळा केला. दर वेळी वहिनीने तो तुझ्या कानाला लावला, मी इकडून बडबड बडबड केली, आणि तिकडून तू काहीतरी म्हणायला सुरुवात केलीस. आजारपणानंतर शब्द जुळवायला तुला वेळ लागतो, हे मला कळतं. पण तू जुळवेपर्यंत गप्प बसणं माझ्या रक्तातच नाही. तू अर्ध्या शब्दावर असतोस तोवर मी तो पुरा करून मोकळा होतो, तोही बहुतेक वेळा भलताच. मग तू वैतागून फोन वहिनीकडे देतोस. म्हणून हे पत्र. याला लगेच उत्तर द्यावं लागत नाही आणि मध्येच तोंड घालायला मी समोर नाही. मात्र शेवटपर्यंत वाच, कामाचं सगळं शेवटी आहे.

तुझी खबर मला वहिनीकडून कळत असते. डावा हात उत्तम, चालणं काठी घेऊन का होईना पण जमतंय, उजवा हात मात्र अजून परक्यासारखा मांडीवर पडून असतो. आणि इतके आठवडे नुसत्या मानेने हो-नाही केल्यावर तू जे पहिलं धड वाक्य बोललास ते म्हणजे, ताटाकडे बघून, ‘परत कोबी?’ हे ऐकून मी इतका हसलो की ही स्वयंपाकघरातून धावत आली. पण त्यानंतर वहिनीने दुसरी बातमी सांगितली, ती ऐकून माझं हसू पळालं. तू ड्रमवर चादर टाकलीयस आणि रविवारी शाळेचे संगीतमास्तर सगळा सेट घेऊन जाणार आहेत. एका हाताचा ड्रमर म्हणजे एका चाकाची सायकल, असं तू डाव्या हाताने पाटीवर लिहून तिला दाखवलंस म्हणे. यावर मी काहीही बोलणार नाही. म्हणजे बोलणारच आहे, पण नंतर.

आधी माझं ऐक. मी शाळेत जातो! नोकरी संपल्यापासून मी घरात हिच्या मागे मागे फिरून कपाट कसं लावावं आणि कांदा कसा चिरावा यावर व्याख्यानं द्यायला लागलो होतो. शेवटी हिने वर्तमानपत्रातली एक जाहिरात कापली, माझ्या चहाच्या कपाखाली ठेवली आणि म्हणाली, एक तर तुम्ही इथे जा, नाहीतर मी जाते. वाचनालयाच्या तळमजल्यावर एक खोली आहे, तिथे संगणकावर संगीत तयार करायला शिकवतात. वर्गातली बाकीची मुलं केस रंगवलेली, आणि मी एकटाच केस गळालेला. शिकवणारी मुलगी माझ्या धाकटीच्या वयाची, गळ्यात कायम हेडफोन. मी तिला मास्तरीण म्हणतो, ती मला काका म्हणते, आणि दोघांनाही दुसऱ्याचं फारसं पटत नाही. पण पोरगी हुशार आहे.

तुला सांगतो, पहिल्या दिवशी पडदा बघून मी आ वासला. प्रत्येक वाद्याची एक वेगळी आडवी पट्टी, तिला ट्रॅक म्हणतात. कपाटात चादरी रचाव्यात तसे एकाखाली एक ट्रॅक रचलेले. हवा तो काढायचा, हवा तो घालायचा, आणि प्रत्येकाशेजारी एक इवलंसं बटण, ते दाबलं की ते वाद्य गप्प. आपल्या गिटारवाल्याला गप्प करायचं बटण आपल्याला त्या काळात मिळालं असतं, तर आपला वाद्यवृंद अजून चालू असता! अर्थात जित्याची खोड. मास्तरीण वाक्य पुरं करायच्या आत माझं बोट बटणावर. पहिल्या आठवड्यात मी माझीच चाल दोनदा पुसून टाकली. तिने कपाळाला हात लावला आणि माझ्या पडद्याच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवली, ‘काका, आधी ऐका’. घरी हे सांगितलं, तर हिने तशीच एक फ्रिजवर लावली.

मग एकदा मास्तरणीने सांगितलं की प्रत्येकाने एखादं जुनं गाणं आणायचं आणि त्याचं नवं रूप करायचं. रिमिक्स म्हणतात त्याला. पोरांनी कुठली कुठली गाणी आणली. मी आपली शेवटची चाल घेऊन गेलो. तीच रे, जी आपण हॉटेलच्या त्या हॉलमध्ये कार्यक्रमाच्या शेवटी वाजवायचो, वेटर खुर्च्या एकावर एक चढवत असायचे, आणि वहिनी डोळे मिटून गायची. त्या चालीची एकच कॅसेट उरली होती माझ्याकडे. मास्तरणीने ती संगणकात घेतली आणि तिथल्या एका करामतीने सगळे आवाज एकमेकांपासून सोडवले. वहिनीचा गळा एका ट्रॅकवर, माझा कीबोर्ड दुसऱ्यावर, तुझे ड्रम तिसऱ्यावर. गिटारच्या ट्रॅकमध्ये हॉटेलातले थोडे चमचे-काटे वाजत राहिले, पण ते तेव्हाही त्याच्यापेक्षा सुरात असायचे.

आता खरी गंमत. पडद्यावर उभ्या रेघा असतात, म्हणजे तालाच्या अचूक जागा. तुझे टोले त्या रेघांवर काळ्या ठिपक्यांसारखे दिसत होते, आणि काय सांगू, एकूण एक ठिपका रेघेच्या जरा मागे! मी खुर्चीतून उठून टाळीच वाजवली. इतकी वर्षं मी घसा फोडून सांगत होतो, तू मागे राहतोस, तुझं म्हणजे वरातीमागून घोडं, आणि तू काठ्या पिशवीत भरत नुसता हसायचास. हॉलवर सगळ्यांच्या आधी तास-तास येऊन बसणारा माणूस, आणि टोला मात्र उशिरा. म्हणून तर तुझं हे नाव पडलं. आता पुरावाच मिळाला होता. आणि पुढचं तर त्याहून गोड. या सॉफ्टवेअरमध्ये एक बटण असं आहे, की ते दाबलं की प्रत्येक टोला आपोआप सरकून बरोब्बर रेघेवर जाऊन बसतो. मास्तरीण म्हणत होती, थांबा काका. मी कसला थांबतोय! दाबलं. वीस वर्षांचा हिशेब एका फटक्यात चुकता.

आणि ऐकलं. अरे, काय सांगू तुला! हजेरी घेतल्यासारखं वाजत होतं. हजर, हजर, हजर, हजर. एकही टोला चुकलेला नाही आणि गाणं मात्र मेलेलं. वहिनीचा आवाज त्याच्यावर असा वाटत होता, जणू कोणी तिला मागून ढकलतंय. मी तीनदा ऐकलं, आवाज कमी-जास्त करून बघितला, शेवटी गुपचूप बदल रद्द करायचं बटण दाबलं. ठिपके परत आपल्या जागी गेले, रेघेच्या मागे, आणि खोलीतली ती रंगीत केसांची पोरं माना डोलवायला लागली. मास्तरणीने हेडफोन काढला आणि विचारलं, हे कोण वाजवतंय? माझा मित्र, मी म्हणालो. सांगताना माझी छाती फुगली, हे तुला सांगायला हरकत नाही. पण माझं चुकत होतं असं मी म्हणत नाही. मागे तर तू आहेसच.

पुढचे काही दिवस मी तुझ्यासारखं वाजवणारं यंत्र बनवायच्या मागे लागलो. म्हटलं, सोपं आहे, यंत्राचे ड्रम घ्यायचे आणि सगळे सारख्या अंतराने मागे सरकवायचे. केले. नुसते रेंगाळलेले ड्रम तयार झाले, दुसरं काही नाही. मग चिठ्ठीवर लिहिल्याप्रमाणे मी आधी ऐकायला बसलो. माझा कीबोर्ड गप्प केला, गिटार गप्प केली, फक्त तुला आणि वहिनीला ठेवलं. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तू सगळीकडे सारखा मागे नाहीस. वहिनी शब्द लांबवते तिथे तू जास्त मागे आहेस, ती लवकर सोडते तिथे जवळजवळ रेघेवर आहेस. तिचा शब्द संपतो, आणि मग तुझा टोला पडतो. तू उशीर करत नव्हतास, लेका, तू तिच्यासाठी थांबत होतास! मी तुमच्यापासून दोन हातांवर बसून वाजवत होतो आणि मला हे कधी ऐकू आलं नाही, कारण मी पुढच्या ओळीवर पोहोचलेलो असायचो. खूप बरं वाटलं मला त्या दिवशी, आणि मग तुझी ती पाटी आठवली.

आता त्या पाटीबद्दल बोलतो. एका चाकाच्या सायकलीबद्दल. या सॉफ्टवेअरमध्ये कोणी सगळं एकदम वाजवत नाही, दोन्ही हात धडधाकट असलेलेसुद्धा नाही. आधी एक ड्रम वाजवायचा, तो ट्रॅकवर राहतो. मग तो ऐकत ऐकत दुसरा वाजवायचा. मग झांज. पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमसाठी रबरी चौकोनांचं एक खोकं मिळतं, त्यावर बोटाने मारलं की तो घुमतो. एकच हात चार वेळा येतो आणि शेवटी चारही एकत्र वाजतात. तुला वाटेल, हा मला धीर द्यायला थापा मारतोय. म्हणून मी घरच्या संगणकावर स्वतः करून बघितलं. हिच्या मफलरने उजवा हात खुर्चीला बांधला आणि डाव्या हाताने एकेक थर चढवत गेलो. नेमकी ही आत आली, तिने मला तसा बांधलेला बघितला, आणि मी समजावून सांगेपर्यंत धाकटीला फोन लावून झाला होता, की बाबांना काहीतरी झालंय. पण जमलं, अगदी व्यवस्थित जमलं. फक्त पडद्यावर बघितलं तर माझा एकूण एक टोला रेघेच्या पुढे! वर्गात दाखवलं, तर मास्तरीण पोट धरधरून हसली. म्हणजे हात एक असला तरी चालतं, पण माणूस तोच लागतो. तो मी नाही.

आता कामाचं, आणि वाचून वहिनीवर रागावू नकोस. दर बुधवारी ती भाजी आणायला जाते ना, ती भाजीला जात नाही. ती माझ्याकडे येते. भाजी हिने आधीच आणून ठेवलेली असते, आणि हिला बाजारात कोबीच्या पलीकडे काही दिसत नाही, म्हणून तुझ्या ताटात परत परत कोबी. तुझ्या आजारपणापासून तिने घरात गुणगुणणंसुद्धा बंद केलंय, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. मला वाटलं, ती गायली तर तिला बरं वाटेल, आणि या चालीत तिचा आजचा आवाज येईल. आवाज अजून तसाच आहे, थोडा खाली उतरलाय, पण छान. मी तिला यंत्राच्या तालावर गायला लावलं, ती अडखळली. ताल बंद करून नुसतं गायला लावलं, तर आणखी अडखळली. कॅसेटमधले तुझे ड्रम लावले, पण ते तिच्या तेव्हाच्या दमासाठी थांबतात, आजच्या नाही. शेवटी मधल्या ओळीवर थांबून म्हणाली, भावजी, मला दम कुठे घ्यायचा तेच कळत नाही, तो वाजला की मी घ्यायचे. रडली नाही, तुला माहीत आहे ती कशी आहे. पाणी प्यायली, कोबी उचलला आणि गेली. जाताना मला शपथ घालून गेली, की त्याला यातलं अक्षर सांगायचं नाही, त्याला वाटेल आपण त्याला ओढतोय. शपथ मी आत्ता मोडली. तिच्यासाठी मला तू हवा आहेस, बाबा, आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठीही. ड्रम कोणाला द्यायचे ते तुझं तू ठरव, पण त्याच्या आधी शनिवारी सकाळी दोघं इकडे माझ्या घरी या. जिना चढायला नको, खालच्या खोलीतच सगळं मांडून ठेवलंय. दहाला बोलावतोय, म्हणजे नवालाच तू दारात उभा असशील. सेट आणू नकोस, चादर बाजूला करून ड्रमची एक काठी घेऊन ये, एक पुरते. वहिनी गाईल, आणि मी तोंड मिटून बटणाशी बसेन. तुझा टोला पडेल तेव्हा पडेल. घाई नाही. हे मी म्हणतोय, बघ.

तुझाच,
घायकुत्या