समुद्रात सोडलेली होडी

लातूर,
मंगळवार

तीर्थस्वरूप शिवकांता अक्कास,

उमीचा शरणू शरणार्थी. तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींची साखर उतरली, का अजून चोरून जिलेबी चालूच आहे? आम्ही इकडं जिवंत आहोत, आणि ह्या वेळी हे नुसतं पत्रात लिहायचं म्हणून लिहिलेलं नाही. (फोनवर का सांगितलं नाहीस म्हणशील. मी फोन लावला की आमचे हे माझ्या शेजारी येऊन बसतात आणि माझं वाक्य स्वतःच संपवतात. म्हणून पत्र.)

तुला अर्धवट कळलंय, आता पुरतं ऐक. नायगावचा व्यंकटी, ह्यांचा शाळेपासूनचा जिवलग, त्यानं मालवणला एक जुनी शिडाची होडी घेतली. कशाला, ते त्याच्या बायकोलाही माहीत नाही. विष्णुपुरीच्या धरणात त्यानं कधीतरी वल्हं मारलेलं आणि ह्यांनी जन्मभर ट्रॅक्टरचे सुटे भाग विकलेले. एवढ्या भांडवलावर दोघं खलाशी झाले. आणि मी, ज्या लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथली बाई, एवढं पाणी कुठं पडून असतं ते बघायला सोबत गेले.

सकाळी वारा छान होता. किनारा दिसेनासा झाला आणि मागं कडाड वाजलं. ह्यांच्या हातातला सुकाणूचा दांडा एकदम सैल पडला, कसाही वळवा, खाली काही अडकतच नव्हतं.

"शिवलिंगा, सुकाणू मोडलं रे," व्यंकटी म्हणाला.

"मग स्पेअर काढ की!" (दुकानदार समुद्रात गेला तरी दुकानदारच.)

"सुकाणूचा स्पेअर कोण घिऊन फिरतंय?"

होडी घाण्याच्या बैलासारखी गोल फिरायला लागली. मागच्या फटीतून पाणी आत येत राहिलं. मी धपाट्यांचा डबा मोकळा केला आणि त्यानं पाणी उपसायला लागले. (धपाटे समुद्राला गेले. लोणीही.) मग वारा पडला.

अक्का, इथून पुढं हसू नकोस. भर दुपार होती. पाणी तेलासारखं गुळगुळीत, लाट नाही, पक्षी नाही, आपलाच श्वास दुसऱ्या कुणाचा वाटावा इतकं गप्प. शीड ओल्या लुगड्यासारखं लोंबत होतं, तरी होडी फिरायची थांबेना. दम खायला म्हणून मी त्या सैल दांड्यावर हात टेकला, तर खालून माझा हात कुणीतरी हळूच दाबला. लग्नात सासरी निघताना गर्दीत आई हात दाबते ना, तसा. मी गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून बसले. दोघांना बोलले नाही. बोलून त्यांचं काय व्हायचं ते दिसतच होतं.

पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा मच्छीमारांचा एक ट्रॉलर जवळ आला. कप्तान सगळ्यात शेवटी होडी सोडतो, असं व्यंकटी सकाळपासून सांगत होता. तो सगळ्यात आधी चढला. ह्यांनी मात्र मला पुढं केलं. "चढ उमे, मी हाय मागं," म्हणाले. मला वर ढकललं, मगच स्वतः चढले. तेवढं मी त्यांचं जन्मभर लक्षात ठेवणार आहे.

होडी दोर लावून ओढून न्या, म्हणून व्यंकटी गयावया करायला लागला. ट्रॉलर चालवणाऱ्या म्हाताऱ्या तांडेलानं तिच्याकडं नुसतं पाहिलं. "वारो नाय, तरी फिरता? हिका दोर नाय बांधूचो."

आम्ही निघालो. तशी ती फिरायची थांबली, तोंड आमच्याकडं केलं आणि सरळ मागं यायला लागली. आमच्या हातात ती हातभर सरळ गेली नव्हती, बाई! आणि रिकाम्या होडीत तो दांडा बेताबेतानं हलत होता, इकडून तिकडं, जाणत्या माणसानं चालवावं तसा. "बाये, पाठी बघू नको," तांडेल म्हणाला. मी पाहिलं. हेही पाहत होते. माझं मनगट असं आवळलं की बांगडी वाढली. किनारा दिसला तशी ती मागं पडली, ठिपका झाली, मग ठिपकाही दिसेना.

तेव्हापासून नळ ठिबकला तरी हे उठून बसतात. व्यंकटीनं न्हाणीतलं पिंप काढून बादली ठेवलीय म्हणे. मलाही आता पाण्याचं नाव नको. समुद्र माझ्यापुरता संपला. पोरांना आशीर्वाद, भावजींना नमस्कार.

तुझी,
उमी

ता. क. काल मालवणच्या बंदरावरच्या माणसाचा फोन आला. व्यंकटी उचलत नाही म्हणून मला केला. होडी भर दुपारी आपली आपण धक्क्याला येऊन लागली म्हणे. आत थेंबभर पाणी नाही. "वैनी, शिडाची घडी कोणी घातली?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, आम्ही तर ते तसंच लोंबत सोडलं. त्यानं लगेच फोन ठेवला.

आणखी एक ता. क. हे ह्यांना कळू देऊ नकोस. खरं काम असं की तू चार दिवस लातूरला येऊन राहा. ह्यांना भाकरी पातळ लागते आणि घरात एकट्यानं राहवत नाही. मी नांदेडला तुझ्याकडं गेले असं सांगणार होते, पण तू इथं असल्यावर ते जमायचं नाही, तेव्हा मी कुठं गेले ते तूच ठरव. कोल्हापूरपर्यंतच्या गाडीचं आरक्षण केलंय, तिथून मालवणचं पुढं बघेन. होडी मला चालवता येत नाही, पण तशी गरज पडेल असं वाटत नाही.