पत्त्यांचा गुरुवार

६ मे, बुधवार
भिंगरी आज पुन्हा बाहेर! एकोणीस वर्षांची घोडी — पाय म्हणून घरात ठरत नाहीत. ह्यांची छाती दम्याची, गावभर साथ, आणि आमची नात फाटकाशी मैत्रिणींबरोबर खिदळते आहे.
"आजी, आम्ही लांब उभ्या होतो गं!"
लांब म्हणे! ह्या तरुण पोरांना साधी शिंकही येत नाही, रोग मात्र घरोघर पोचवतात. पेपरातलं मोठ्याने वाचून दाखवलं. तिने ऐकून घेतलं, ताट धुतलं, खोलीत गेली.

७ मे, गुरुवार
आमचा पत्त्यांचा दिवस. चौघी निवृत्त शिक्षिका, गच्चीवर, खुर्च्या लांब लांब, तोंडाला मास्क. ह्याला म्हणतात शिस्त. मुख्याध्यापिकाबाईंचा घसा बसला होता, तरी आल्या. सगळे डाव मी जिंकले.

९ मे, शनिवार
भिंगरी बाहेर जायची थांबली. बोलायचीही.

१२ मे, मंगळवार
ह्यांना ताप. मला खोकला. भिंगरीला नको नको ते बोलले. "आजोबांना काही झालं तर मला तोंड दाखवू नकोस!"
हे पडल्या पडल्या म्हणाले, "अगं, पुरे."

१३ मे, बुधवार
आम्ही दोघं पॉझिटिव्ह. भिंगरी निगेटिव्ह! आणि मुख्याध्यापिकाबाई रविवारपासून इस्पितळात.
भिंगरी दाराबाहेरून म्हणाली, "आजी, पत्ते वाटताना तू मास्क खाली ओढून अंगठा चाटतेस. चौघी चाटता. वाळलेले कपडे काढायला गच्चीवर आले तेव्हा पाहिलं."
"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"
"ऐकलं असतंस?"
लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत नन्सनी थुंकी लावून पान उलटायची माझी खोड छडीने मोडली होती. पुस्तकापुरतीच मोडली, म्हणायचं.

१६ मे, शनिवार
रात्री ह्यांना फार धाप लागली. माझ्याने उठवेना. भिंगरी सरळ आत आली, त्यांना बसवलं, पाठीशी उशा लावल्या. मी ओरडले, "बाहेर हो आधी!"
"मग तू उचलणार का? स्वतःकडे बघ जरा!"
जीभ माझ्यावरच गेली आहे.

२० मे, बुधवार
ह्यांचा ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, आता काळजी नाही. सकाळी अर्धी भाकरी खाल्ली.
भिंगरीला साबणाचा वास येईनासा झाला आहे. आता तिच्या दाराशी ताट मी ठेवते. आतून म्हणाली, "आजी, लांब उभी राहा गं."